प्रोरोग : ‘पुढे ढकलणे’ एवढ्यावर भागत नाही

प्रश्न असा आहे : शब्दकोशात ‘प्रोरोग’ या इंग्रजी क्रियापदासमोर ‘पुढे ढकलणे’, ‘स्थगित करणे’, ‘अधिवेशन संपवणे’ असे अर्थ एकाखाली एक दिलेले असतात. मग ‘अ‍ॅडजर्न’च्या जागी हा भारदस्त शब्द वापरला तर चालेल का? सोसायटीची सभा, कोर्टाची तारीख, विद्यापीठाची परीक्षा यांना तो लावता येतो का? आणि मराठीत त्याला काय म्हणायचे?

आधी सरळ उत्तर. नाही, चालणार नाही. आजच्या इंग्रजीत या क्रियापदाचे काम जवळजवळ एकच उरले आहे : राष्ट्रप्रमुखाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने विधिमंडळाचे चालू सत्र औपचारिकपणे संपवणे. सभागृह शाबूत राहते, सदस्यांची सदस्यत्वे शाबूत राहतात, संपते ते फक्त सत्र. सोसायटीची वार्षिक सभा गणसंख्येअभावी थांबली तर ती ‘अ‍ॅडजर्न’ होते, खटल्याची सुनावणीही ‘अ‍ॅडजर्न’च होते, परीक्षा ‘पोस्टपोन’ होते. यांपैकी कशालाही ‘प्रोरोग्ड’ म्हटले तर वाचणारा हसेल किंवा गोंधळेल.

उच्चाराचे आधी उरकून घेऊ. स्पेलिंग पी-आर-ओ-आर-ओ-जी-यू-ई. शेवटचे यू-ई मुके, ‘व्होग’मध्ये असते तसे. जोर दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे ‘रोग’वर, ब्रिटिश माणसाच्या तोंडी पहिले अक्षर इतके हलके होते की ‘प्ररोग’ असेच ऐकू येते. (आपल्या रोगाशी संबंध नाही, पण लक्षात ठेवायला उपयोग होतो.) भूतकाळी रूप ‘प्रोरोग्ड’, ‘प्रोरोग्यूड’ असे वाचणारे भेटतात, ते चूक. ‘प्रोरोगिंग’ लिहिताना ई गळतो, यू राहतो. नाम मात्र ‘प्रोरोगेशन’, आणि त्यात यू नाही, जोर ‘गे’वर. क्रियापदातला यू नामात घुसवणे ही सर्वांत जास्त दिसणारी स्पेलिंगची चूक.

आता मुख्य गोष्ट. हे क्रियापद एकटे शिकून उपयोग नाही, त्याची शेजारची दोन बरोबर घ्यावी लागतात : ‘अ‍ॅडजर्न’ आणि ‘डिझॉल्व्ह’. पहिल्याने बैठक संपते, ‘प्रोरोग’ने सत्र संपते, तिसऱ्याने सभागृहच संपते आणि निवडणूक लागते. तिघांचे कर्तेही वेगळे. बैठक तहकूब करतो अध्यक्ष किंवा सभापती. सत्रसमाप्ती करतात राष्ट्रपती, राज्यात राज्यपाल. लोकसभा विसर्जित करतात तेही राष्ट्रपतीच. राज्यसभा विसर्जित होतच नाही, तिची सत्रसमाप्ती मात्र होते. त्यामुळे ‘डिझॉल्व्ह’ हे क्रियापद राज्यसभेला लावलेले दिसले की ते वाक्य तिथेच थांबवून तपासावे.

भारतात हा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद 85 च्या खंड (2) मध्ये आहे, राज्यांसाठी अनुच्छेद 174 मध्ये. लोकसभेचे अधिवेशन संपते तेव्हा साधारण दोन पायऱ्या असतात. शेवटच्या दिवशी अध्यक्ष सभागृह ‘साइने डाय’, म्हणजे पुढची तारीख न देता, बेमुदत तहकूब करतात. मग काही दिवसांनी राष्ट्रपतींचा सत्रसमाप्तीचा आदेश निघतो. या दोन पायऱ्यांमधला काळ कायद्याच्या दृष्टीने फार नाजूक असतो. सभागृह बसलेले नसते, पण सत्र चालू असते. या काळात अध्यक्षाला वाटले तर तो नियम 15 खाली सभागृहाची बैठक पुन्हा बोलावू शकतो. सत्रसमाप्तीचा आदेश निघाला की हा दरवाजा बंद. त्यानंतर सभागृह बोलवायचे तर राष्ट्रपतींनीच.

हा फरक कागदी नाही, हे दाखवणारा एक खटला महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. तेराव्या लोकसभेचे हिवाळी अधिवेशन डिसेंबर 2003 मध्ये बेमुदत तहकूब झाले, पण सत्रसमाप्ती केली गेली नाही. जानेवारी 2004 अखेर अध्यक्षांनी तेच अधिवेशन पुढे सुरू केले. अनुच्छेद 87 सांगतो की दर वर्षीच्या पहिल्या सत्राच्या आरंभी राष्ट्रपतींचे अभिभाषण व्हावे. ते झाले नाही, म्हणून ही बैठकच घटनाबाह्य आहे, असा दावा त्या वेळचे पंढरपूरचे खासदार रामदास आठवले यांनी सर्वोच्च न्यायालयात केला. 2010 मध्ये घटनापीठाने तो फेटाळला. कारण एवढेच की सभागृह ‘अ‍ॅडजर्न’ झाले होते, ‘प्रोरोग’ नव्हते. म्हणून 2004 ची बैठक नव्या वर्षातले पहिले सत्र नव्हती, जुन्याच सत्राचा उरलेला भाग होती. एका क्रियापदाऐवजी दुसरे वापरले असते तर निकालाचा पायाच बदलला असता.

असाच प्रकार पंजाबमध्ये 2023 साली झाला. मार्चमध्ये तहकूब झालेले अधिवेशन विधानसभा अध्यक्षांनी जूनमध्ये पुन्हा बसवले, राज्यपालांनी त्याच्या वैधतेवर शंका घेतली, आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांच्या बाजूने निर्णय दिला. तर्क तोच : सत्रसमाप्ती झालेली नव्हती.

पंजाबचेच त्याहून जुने उदाहरण उलट्या बाजूचे आहे आणि मला ते या क्रियापदाचा सर्वांत चांगला धडा वाटते. मार्च 1968 मध्ये, अर्थसंकल्प मंजूर व्हायचा बाकी असताना, अध्यक्षांनी विधानसभा थेट दोन महिन्यांसाठी तहकूब केली. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपणार, नंतर सरकारकडे खर्चाची परवानगीच नाही. अध्यक्षाचे तहकुबीचे फर्मान राज्यपाल रद्द करू शकत नाही. तो अधिकार त्याचा नाही. पण राज्यपालांनी 11 मार्चला सत्रसमाप्ती केली. सत्रच संपले, तेव्हा त्या सत्रातल्या तहकुबीला धरायला काही उरलेच नाही. मग 18 मार्चसाठी नवे सत्र बोलावले. सर्वोच्च न्यायालयाने ही वाट वैध ठरवली. म्हणजे ‘प्रोरोग’ हे ‘अ‍ॅडजर्न’चे जड नाव नाही, ते ‘अ‍ॅडजर्न’वर मात करणारे क्रियापद आहे.

सत्र संपल्याने काय काय मरते, हे देशागणिक बदलते, आणि भाषांतरात खरी चूक इथेच होते. आपल्याकडे अनुच्छेद 107 च्या खंड (3) नुसार संसदेत प्रलंबित असलेले विधेयक केवळ सत्रसमाप्तीमुळे व्यपगत, म्हणजे आपोआप बाद, होत नाही. राज्यांसाठी तीच तरतूद अनुच्छेद 196 मध्ये आहे. लोकसभेच्या नियमांप्रमाणे प्रलंबित सूचना म्हणजे नोटिसा बाद होतात, त्यातूनही विधेयक मांडण्याची परवानगी मागणारी नोटीस वाचते. सभागृहात मांडला गेलेला प्रस्ताव किंवा ठरावही केवळ या कारणाने बाद होत नाही. ब्रिटनमध्ये परंपरा याच्या उलट : सत्र संपले की अपुरी सरकारी विधेयके पडतात, पुढच्या सत्रात नेण्याचा खास प्रस्ताव आधी मंजूर झाला असेल तरच तगतात. त्यामुळे ब्रिटिश बातमीतले ‘प्रोरोगेशनमुळे विधेयके रद्द झाली’ हे वाक्य उचलून भारतीय संदर्भात टाकले की ते खोटे होते. विधेयके पडतात ती आपल्याकडे लोकसभेच्या विसर्जनाने, आणि तीही सगळी नाहीत. राज्यसभेत प्रलंबित असलेले आणि लोकसभेने अजून संमत न केलेले विधेयक विसर्जनानंतरही जिवंत राहते.

अध्यादेशाचा धागाही याच क्रियापदाला बांधलेला आहे. अनुच्छेद 123 प्रमाणे दोन्ही सभागृहे सत्रात असताना राष्ट्रपतींना अध्यादेश काढता येत नाही. शब्द नीट पाहा : ‘दोन्ही’. म्हणजे एका सभागृहाचे सत्र संपवले तरी वाट मोकळी. मार्च 2015 अखेर नेमके हेच झाले. अर्थसंकल्पी अधिवेशनाची मधली सुट्टी चालू होती, भूसंपादनाचा अध्यादेश एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपत होता, आणि राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हते. लोकसभेचे सत्र तसेच ठेवून फक्त राज्यसभेची सत्रसमाप्ती करण्यात आली आणि अध्यादेश पुन्हा काढला गेला. मधली सुट्टी म्हणजे तहकुबी, तिच्यात सत्र चालूच असते. म्हणून नुसत्या सुट्टीने भागले नसते. महाराष्ट्रात विधान परिषद असल्याने अनुच्छेद 213 खाली इथेही दोन सभागृहांचाच हिशेब लागतो. गोव्यात एकच सभागृह, तिथे विधानसभा सत्रात नसणे पुरते.

संविधानाच्या मूळ 1950 च्या पाठात या बारकाव्याने स्वतः घटनाकारांनाही चकवले होते. अनुच्छेद 85 तेव्हा म्हणायचा की सभागृहे वर्षातून किमान दोनदा ‘बोलावली’ जावीत. पण सत्र न संपवता नुसते तहकूब करत वर्षभर काम केले, तर प्रत्यक्षात भरपूर बैठका होऊनही ‘बोलावणे’ एकदाच झाले असे निघते. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ही शब्दरचना बदलली. आता अट एवढीच की एका सत्राची शेवटची बैठक आणि पुढच्या सत्राची पहिली बैठक यांत सहा महिने जाऊ नयेत. त्याच दुरुस्तीने राष्ट्रपतींचे अभिभाषण ‘प्रत्येक सत्रा’ऐवजी निवडणुकीनंतरच्या आणि दर वर्षीच्या पहिल्या सत्रापुरते ठेवले.

आता कर्त्याबद्दल. ‘द स्पीकर प्रोरोग्ड द हाउस’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आणि अर्थाने चूक आहे. ‘द प्राइम मिनिस्टर प्रोरोग्ड पार्लमेंट’ हे वृत्तपत्रात सर्रास चालते, कारण सल्ला त्याचा असतो; पण कायद्याच्या मजकुरात कर्ता राष्ट्रप्रमुखच हवा. उलट चूकही होते. 12 फेब्रुवारी 2022 ला पश्चिम बंगालच्या राज्यपालांनी विधानसभेची सत्रसमाप्ती केल्याचे ट्विटरवर जाहीर केले तेव्हा राज्याबाहेरच्या काही नेत्यांनी तो राज्यपालांचा मनमानी निर्णय समजून टीका केली. आदेश राज्य सरकारच्याच शिफारशीवरून निघाला होता. क्रियापदाचा कर्ता आणि निर्णयाचा धनी हे वेगळे असू शकतात, म्हणून शंका असेल तिथे कर्मणी प्रयोग करावा : ‘द असेंब्ली वॉज प्रोरोग्ड’. इंग्रजीतही हाच प्रयोग सर्वाधिक रुळलेला आहे. अकर्मक वापर, म्हणजे ‘पार्लमेंट प्रोरोग्ड इन मे’, ब्रिटिश लेखनात दिसतो. चूक नाही, पण आपण टाळलेला बरा.

‘अनटिल’ या शब्दयोगीवर थोडे थांबले पाहिजे. ब्रिटन आणि कॅनडात सत्र संपवताना पुढचे कधी सुरू होणार ती तारीख बहुधा सोबतच येते, म्हणून तिथे ‘प्रोरोग्ड अनटिल 14 ऑक्टोबर’ अगदी स्वाभाविक. भारतात सत्र संपवण्याचा आदेश वेगळा आणि पुढचे सत्र बोलावण्याचा वेगळा. म्हणून भारतीय मजकुरात ‘अनटिल’ लावू नये. ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ अमुक तारीख, असे लिहावे. ‘प्रोरोग्ड साइने डाय’ हेही दोन सूत्रांचे कडबोळे आहे. ‘साइने डाय’ ‘अ‍ॅडजर्न’बरोबर जाते.

गेल्या काही वर्षांत हा शब्द जगभर ऐकू आला तो 2019 मुळे. ब्रिटनचे युरोपीय संघातून बाहेर पडणे 31 ऑक्टोबरवर आलेले, आणि पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून 14 ऑक्टोबरपर्यंत संसदेची सत्रसमाप्ती केली. एरवी हा काळ काही दिवसांचा असतो. इथे पाच आठवडे. 24 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांनी एकमताने सल्लाच बेकायदा ठरवला. निकालातला भाषेच्या दृष्टीने रंजक भाग असा की न्यायालयाने सत्र ‘पुन्हा सुरू करा’ असे म्हटले नाही. सत्र कधी संपलेच नव्हते, सत्रसमाप्ती जाहीर करण्याच्या समारंभाला राजप्रतिनिधी जणू कोरा कागद घेऊन सभागृहात आले होते, असे ठरवले. दुसऱ्याच दिवशी खासदार कामाला बसले. त्या समारंभात संसदेच्या इमारतीच्या दुरुस्तीबद्दलच्या एका विधेयकाला राजसंमतीही जाहीर झाली होती. समारंभच शून्य ठरल्याने ती संमती पुढच्या महिन्यात नव्याने जाहीर करावी लागली. कॅनडातही हा शब्द आता घरगुती झाला आहे : डिसेंबर 2008 मध्ये स्टीफन हार्पर यांनी अविश्वास ठराव टाळण्यासाठी आणि जानेवारी 2025 मध्ये जस्टिन ट्रुडो यांनी पदत्यागाची घोषणा करताना हेच साधन वापरले. टोरोंटोकडच्या मराठी घरांत हा शब्द पुण्या-मुंबईपेक्षा जास्त कानावर पडला असेल. अमेरिकेत मात्र तो बातम्यांत मिळणार नाही. तिथल्या राष्ट्राध्यक्षाला असा अधिकारच नाही.

मग शब्दकोशात ‘पुढे ढकलणे’ कुठून आले? लॅटिन ‘प्रोरोगारे’पासून. रोममध्ये लोकांना विचारून अधिकाऱ्याची मुदत वाढवण्याला हा शब्द होता. पहिले प्रसिद्ध उदाहरण इ.स.पू. 326 चे : नेआपोलिसला, म्हणजे आजच्या नेपल्सला, वेढा घालून बसलेल्या पब्लिलिअस फिलोची मुदत संपत आली, तेव्हा मोहीम संपेपर्यंत त्याचे सेनापतिपद वाढवले गेले. मुदत वाढवणे, मग लांबवणे, मग लांबणीवर टाकणे. मराठीत ‘लांबवणे’ या एकाच शब्दात या दोन्ही छटा आहेत, म्हणून हा प्रवास आपल्याला नवल वाटू नये. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीत ‘लांबणीवर टाकणे’ हा अर्थ जिवंत होता. रोमिओ मरण लांबण्याबद्दल हेच क्रियापद वापरतो. आज त्या अर्थाने लिहिणे म्हणजे पगडी घालून ऑफिसला जाणे. शब्दकोश तो अर्थ देतात ते जुने साहित्य वाचणाऱ्यासाठी, लिहिणाऱ्यासाठी नाही.

इतर युरोपीय भाषांत मात्र मूळचा ‘वाढवणे’ हाच अर्थ टिकला, आणि तिथे फसगत होते. फ्रेंच ‘प्रोरोजे’, इटालियन ‘प्रोरोगारे’, पोर्तुगीज ‘प्रोरोगार’ यांचा अर्थ मुदत वाढवणे. स्पॅनिशमध्ये फुटबॉलच्या जादा वेळेला ‘प्रोरोगा’ म्हणतात. गोव्यातला जुना पोर्तुगीज कागद वाचताना ‘प्रोरोगासांव’ दिसले की मुदतवाढ समजावी. तिथे इंग्रजी अर्थ घातला तर वाढलेली मुदत संपलेली ठरेल.

मराठी प्रतिशब्दाचे. संविधानाच्या मराठी पाठात ‘सत्रसमाप्ती’ आहे आणि कायद्याच्या भाषांतरात तोच धरावा. हिंदीत ‘सत्रावसान’, हिंदी प्रतीवरून भाषांतर करताना तो तसाच मराठीत येऊन बसतो, येऊ देऊ नये. विधिमंडळाच्या बातम्यांत ‘संस्थगित’ चालतो आणि तो वाईट नाही, पण ‘स्थगित’च्या इतका जवळ आहे की टंकताना एक अक्षर गळले की अर्थ ‘अ‍ॅडजर्न’कडे घसरतो. शिवाय लोकसभा शेवटच्या दिवशी नुसती बेमुदत तहकूब झालेली असताना त्याच संध्याकाळी ‘संस्थगित’ लिहिणे म्हणजे आदेश निघण्याआधीच तो छापणे. घाईच्या बातमीला ‘अधिवेशनाचे सूप वाजले’ हा आपला वाक्प्रचार उत्तम. तो दोन्ही पायऱ्या झाकतो आणि कुठेच खोटा पडत नाही. ‘अधिवेशन गुंडाळले’ यात मात्र सरकारवर ठपका आहे, तो अग्रलेखात ठेवावा. ‘बरखास्त’ कधीच नको. ते ‘डिझॉल्व्ह’चे आहे.

एका कोपऱ्यात मात्र ‘प्रोरोगेशन’ संसदेशिवाय भेटते. युरोपीय कंपन्यांचे करार भाषांतरासाठी आले तर त्यात ‘प्रोरोगेशन ऑफ ज्युरिसडिक्शन’ असे कलम असू शकते. युरोपीय संघाच्या न्यायाधिकाराच्या नियमावलीत, अनुच्छेद 25 च्या वरच्या मथळ्यात, हाच शब्द आहे. अर्थ असा की वाद झाल्यास अमुक देशाच्या न्यायालयाकडे जायचे हे पक्षकारांनी संमतीने आधीच ठरवले आहे. एरवी ज्या न्यायालयाला अधिकार नसता त्यालाही तो या संमतीने मिळतो. इथे ‘अधिकारिता संस्थगित’ असे लिहिले तर कराराचा अर्थ नेमका उलटा होईल. ‘पक्षकारांच्या संमतीने न्यायालयाची अधिकारिता ठरवणे’ असे सरळ लिहावे.